पैशाचा स्रोत

मोयदूक्का म्हणाले, घेऊन जा, दिलावर.
बिल्डिंग पाडणार आहेत, बोर्ड उतरवला,
माझं खातं मी मागच्याच आठवड्यात मिटवलं.
तुझ्या नावावर टाक.

पाण्याचा मोठा बुधला, गळ्यापर्यंत भरलेला.
ज्या काट्यावर तेरा वर्षं हॉटेलच्या चादरी तोलल्या
त्यावर शेवटचं वजन हेच केलं:
एकोणीस किलो.
नुऐमियाहून बँक चालत वीस मिनिटं,
ऑगस्टात चाळीस, आणि बुधल्यासकट
कधीच नाही.
टॅक्सीवाल्या पठाणाने डिकी उघडली,
एका बाजूने उचलू लागला, म्हणाला,
मुडदा आहे का आत?
चिल्लर आहे, म्हटलं.
मग तो काही बोलला नाही.
मीटरचे साडेसोळा झाले, ते मी नोटांनी दिले.
बुधल्याला हात लावायचा धीर झाला नाही.

नाणी फक्त मंगळवारी, अकराच्या आत.
मंगळवार होता. दहा चाळीस.
काचेपलीकडे मौझा नावाची मुलगी,
मनगटापर्यंत मेंदी, नुकत्याच झालेल्या लग्नाची.
कार्ड बघून म्हणाली, बारकार?
पारकार, मी म्हटलं.
हो, बारकार, ती म्हणाली, आणि फॉर्म सरकवला.

नाव. फोन. पैशाचा स्रोत.

इथे पेन थांबलं.
स्रोत म्हणजे खिसे.
कंदुऱ्याचे आडवे, पँटींचे खोल,
मुलांच्या युनिफॉर्मचे, ज्यांत वाळूही निघते.
कपडा टबात टाकण्याआधी हात घालायचा,
जे निघेल ते वहीत मांडायचं, ही मोयदूक्कांची शिस्त:
बिल ४१७, पांढरा कंदुरा, अडीच दिरहम.
बिल ६५०, ड्रायव्हरची पँट, पंचवीस फिल्स, हरणवालं.
गिऱ्हाईक आलं की आम्ही पुढे करायचो,
ते हात झटकायचे, खल्ली वल्ली.
काहींनी मोजून घेतले.
काही कपडे न्यायलाही आले नाहीत.

मी लिहिलं: लाँड्री.

मशीनने बुधला पाऊण तासात खाल्ला.
आधी कॉफीच्या सुरया, मग तेलाच्या विहिरी,
मग हरणं, हरणं, हरणं.
आवाज असा की रांगेतल्या बाईने कान झाकले.
मी ४१७ शोधत होतो त्या धबधब्यात,
म्हणजे नुसता बघत उभा होतो.
मशीनला बिल नंबर कळत नाही.

दोन हजार चारशे पस्तीस दिरहम,
पंचाहत्तर फिल्स.
मौझाने कागदावर शिक्का मारला
आणि खालचा खण ओढून माझ्यापुढे रिकामा केला.
हे तुमचं. हे चालत नाही.

चार फिलिपिनो पेसो,
दिरहमसारखे दिसणारे, कुणीतरी कुणालातरी चिकटवलेले.
एक मस्कतचं नाणं. एक आपला रुपया,
धुऊन धुऊन इतका गुळगुळीत
की अंगठ्यालाच ओळखू आला.
आणि एक बटण.

करडं, चार भोकांचं, काठाला टवका.

खोलीवर आलो तेव्हा रोशनअली झोपला होता, रात्रपाळीचा.
मोबाइलच्या उजेडात वही उघडली.
बिल ९०२. मिसरी मास्तरांचा करडा कोट.
पुढे माझ्याच अक्षरात, लाल शाईने:
बटण गेलं. गिऱ्हाईक फार बोललं. पाच दिरहम सूट.
मास्तर त्या दिवशी काउंटरवर हात आपटत होते.
त्यांच्या मुलाखतीचा कोट होता तो.
मी टबाच्या जाळीत शोधलं, मोरीत शोधलं,
बुधल्यात शोधलं नाही.
कोण शोधेल बुधल्यात बटण?

९०२ च्या खाली लिहिलं, मिळालं.
तारीख टाकली.
डब्यातून सुई काढली, करडा दोरा निवडला,
पहिल्याच फटक्यात ओवला,
गाठ मारली,

आणि मग बराच वेळ
बटण एका हातात, सुई दुसऱ्यात,
कोट कुठे ठेवलाय ते आठवत बसलो.